उष्टावणाच्या खिरीनंतर बाळाच्या अंगावर गांधी उठल्या. आता पुढे काय भरवू?

रेवाची_आई

नमस्कार. इथे वर्षभर नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

लेक साडेसहा महिन्यांची आहे. गेल्या रविवारी वेंगुर्ल्याला सासरी तिचं उष्टावण केलं. तोवर तिच्या पोटात अंगावरचं दूध आणि तिसऱ्या महिन्यापासून सासूबाई उगाळून देत होत्या ती गुटी, एवढंच गेलं होतं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. तांदळाची खीर, गाईचं दूध, साखर, केशर, जायफळ, थोडे बदाम आणि सासऱ्यांच्या बागेतल्या काजूची पूड. तिला आवडली, म्हणून दोन-तीन चमचे झाले.

दहा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं. मग वरचा ओठ सुजला. मानेवर, पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या आणि दोनदा भडाभडा उलटी झाली. कुणी म्हणालं पित्त उठलंय, कुणी म्हणालं दृष्ट लागली. आजेसासूबाईंनी आमसुलं कोळून ते पाणी अंगाला लावलं. तिला घेऊन दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर ओठ उतरायला लागला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, तीन तास बसवून ठेवलं आणि म्हणाले, खाण्याची अ‍ॅलर्जी दिसते, तज्ज्ञांना दाखवा, तोवर दूध बंद ठेवा.

आम्ही पुण्याला परत आलो. आठवडा झाला, मी तिला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही दिलेलं नाही. हातच धजत नाही. मी स्वतःही दूध, दही, तूप, शेंगदाणे, सुकामेवा, अंडी सगळं बंद केलंय. तिच्या गालांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला तिसऱ्या महिन्यापासून कोरडे, लाल चट्टे आहेत, हेही सांगते. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तोवर काय करू?

अनघा_ठाणे

वाचताना पोटात गोळा आला. आधी एकच सांगते. पुन्हा असं झालं, तर पाऊण तास घालवू नकोस. श्वासाची घरघर, आवाज बसणं, बाळ पांढरं पडणं, मान टाकणं, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन कर किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात पळ. आमसुलाचं पाणी नंतर.

इंदुमती_काकू

बाळा, घाबरू नकोस. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं या हातांनी वाढली. तू खिमट सुरू कर. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढायची आणि मऊ शिजवायची. नाचणीचं सत्त्व दे. गाईचं दूध बाधत असेल तर शेळीचं दे, ते हलकं असतं. आमच्याकडे असंच करत आले.

ओमचा_बाबा

काकू, तुमचं खिमट बहुतेक बाळांना उत्तमच. पण आमच्या घरी जे झालं ते लिहितो, कारण हे कुणी सांगितलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

ओमला सहाव्या महिन्यात तांदळाची पेज सुरू केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेज देऊन दोन तास झाले असतील, त्याला उलट्या सुरू झाल्या. एक-दोन नाही, आठ-नऊ. शेवटी नुसतं हिरवं पाणी. अंग गार, चेहरा पांढराफटक, हाक मारली तर डोळे उघडेना. रुग्णालयात सलाईन लावलं, जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविकं दिली, दोन दिवसांत घरी आलो. पोट नाजूक झालंय म्हणून आम्ही काय द्यावं? पेज. पुन्हा तेच. पुन्हा दाखल.

तिसऱ्या वेळी बायकोच्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी पेज आणि उलटी यांत बरोबर दोन तासांचं अंतर आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि लगेच नाव सांगितलं, एफपाइस. यात अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाही. पदार्थ पोटात गेल्यावर साधारण एक ते चार तासांनी उलट्यांचा भडिमार होतो. रक्ताची अ‍ॅलर्जी-तपासणी आणि त्वचेची चाचणी बहुधा निगेटिव्हच येतात, कारण यंत्रणाच वेगळी आहे. निदान होतं ते आईवडिलांनी सांगितलेल्या हकिगतीवरून.

मराठी घरात तांदूळ बाधेल हे कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या आईला आजही पटत नाही. पण एफपाइसमध्ये तांदूळ हा नेहमी सापडणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. आता ओम साडेतीन वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात रुग्णालयात देखरेखीखाली भात खाऊन पाहिला, काही झालं नाही. त्या दिवशी आई देवापुढे बसून रडली.

रेवाचं प्रकरण असं दिसत नाही, दहा मिनिटांत झालंय. तरी एक सवय उचला. एका वहीत पदार्थ, किती चमचे, किती वाजता, काय दिसलं, किती वाजता, हे लिहा. फोटो काढा. आमचं निदान त्या वहीनेच केलं.

देशावरचा_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करता येत नाही आणि औषधाची मात्रा मी इथे कधीच लिहिणार नाही. पण या धाग्यावर बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करतो.

रेवाच्या आई, तुमच्या पहिल्याच परिच्छेदात मला एक धागा दिसतो. गुटीत बदाम उगाळलेला असतो. ती तिसऱ्या महिन्यापासून गुटी घेत होती आणि काही झालं नाही. म्हणजे खिरीतला बदाम हा माझ्या यादीत खाली जातो. (सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मीही गुटी देऊ नका असंच सांगतो. पण जे झालं त्याचा निदानाला उपयोग होतोय.) तुम्ही स्वतः रोज दूध-दही खात होता का? खात असाल आणि अंगावरचं दूध पिऊन तिला कधी गांधी उठल्या नसतील, तर गाईच्या दुधावरचा संशय थोडा कमी होतो, पण जात नाही. आईच्या दुधातून गाईच्या दुधाची प्रथिनं फार थोडी जातात. थेट चमच्याने जाणारं दूध ही निराळी मात्रा झाली. राहिला काजू. डॉक्टरांना खिरीतला प्रत्येक जिन्नस सांगा, केशर-जायफळासकट. नुसतं 'खीर दिली' म्हणालात, तर समोरचा माणूस 'दूध' असंच ऐकतो.

दुसरं, अंगावर गांधी आणि त्यासोबत उलट्या म्हणजे शरीराच्या दोन यंत्रणा एकाच वेळी सामील झाल्या. याला आम्ही गंभीर समजतो. यावरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं. खाज थांबवायचं औषध गांधी उतरवतं, श्वासनलिकेची सूज किंवा घसरलेला रक्तदाब सावरत नाही. ते टोचायचं परदेशात मिळणारं तयार पेन आपल्याकडे साध्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून तज्ज्ञांना स्पष्ट विचारा की आमच्या बाळासाठी आपत्कालीन योजना काय, आणि ती कागदावर लिहून घ्या.

इंदुमती काकू, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण शेळीच्या दुधाचं नाही म्हणावं लागेल. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून जास्त मुलांना शेळीचंही बाधतं. म्हशीच्या दुधाचीही गत तीच. 'पचत नाही' आणि 'अ‍ॅलर्जी आहे' यांतही फरक करायला हवा. दुधातली साखर (लॅक्टोज) पचली नाही तर गॅस, पातळ शी, पोटदुखी होते. ओठ सुजणं हा प्रथिनाविरुद्धचा प्रतिसाद. लॅक्टोज काढलेल्या दुधात प्रथिनं तशीच असतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. तुम्ही तिचं खाणं पूर्ण थांबवलं आहे. ते आज सुरू करा. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून तिला पुरेसं लोह मिळत नाही. खिरीत जे नव्हतं ते सगळं तुम्हाला मोकळं आहे. नाचणी, मूगडाळ, भोपळा, गाजर, रताळं, केळं, सफरचंद शिजवून. तांदूळ खिरीत होता, पण अशा झटपट प्रतिक्रियेत त्याच्यावर संशय फार कमी. तरी मनाला धीर म्हणून तो तुमच्या डॉक्टरांना विचारून द्या. दूध, तूप, काजू, पिस्ता आणि बाकीचा सुकामेवा तेवढा तपासणीपर्यंत बाजूला. तुपात दुधाची प्रथिनं अंशमात्र राहतात, म्हणून तेही.

नवा पदार्थ सकाळी द्या, बाळ बरं असताना, लस दिलेल्या दिवशी नाही, आणि दोन मोठी माणसं घरात असताना. चमच्याच्या टोकावर घ्या, दहा मिनिटं थांबा, मग थोडा आणखी. पुढचे दोन तास लक्ष ठेवा. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस तोच. आणि तुमच्या स्वतःच्या आहारातलं एवढं सगळं कुणाच्या सांगण्यावरून काढलंत? अंगावरच्या दुधावर बाळ ठीक होतं ना? मग शेंगदाणे-अंडी-दूध तुमच्या ताटात परत आणायला हरकत नाही, फक्त तज्ज्ञांशी एकदा फोनवर बोलून.

रेवाची_आई

डॉक्टर, मी कुणाच्या सांगण्यावरून नाही काढलं. घाबरून काढलं. हो, मी रोज दोन कप चहा, दही, बाळंतपणात डिंकाचे लाडू सगळं खात होते. तुमचं वाचून आज सकाळी नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून दिलं. चार चमचे. दोन तास तिच्याकडे बघत बसले. काही झालं नाही.

स्वरा_नाशिक

रेवाची आई, तुझ्याच रस्त्यावरून मी दीड वर्षापूर्वी चालले आणि चुकीच्या वळणावर गेले. म्हणून मोठं लिहिते.

माझ्या मुलाला आठव्या महिन्यात अंड्याने गांधी उठल्या. एका प्रयोगशाळेच्या जाहिरातीत 'एका रक्तनमुन्यात सगळ्या पदार्थांची अ‍ॅलर्जी' असं होतं. केली तपासणी. अहवालात सतरा पदार्थांपुढे लाल खूण. गहू, तांदूळ, तूरडाळ, हरभरा, दूध, वांगं, केळं. त्यातले बारा पदार्थ तो आदल्या दिवसापर्यंत मजेत खात होता! पण कागदावर छापलेलं पाहिलं की आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. मी सतराच्या सतरा बंद केले. चार महिन्यांत वजनाचा काटा हलला नाही. वाढीच्या तक्त्यावर तो खालच्या रेषेवरून घसरला. केस विरळ झाले. सासूबाई म्हणायच्या, अगं त्याला भात दे, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. ते आठवलं की आजही गलबलून येतं.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, 'यातलं काय खाऊन त्याला काय झालं, ते सांगा.' फक्त अंडं. तेवढंच खरं होतं.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध अँटीबॉडी सापडणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख नोंदवणं. अ‍ॅलर्जी तेव्हाच म्हणायची, जेव्हा खाल्ल्यावर काही होतं. आणि त्या पॅनलमधल्या काही तपासण्या आयजीजी या प्रकारच्या असतात, त्यांचा अ‍ॅलर्जीशी संबंधच नाही. त्या फक्त सांगतात की हा पदार्थ याने खाल्लाय.

देशावरचा_डॉक्टर

स्वराताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कर्नाटकात मोठ्या माणसांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या, पण खरोखरची अ‍ॅलर्जी होती १.२ टक्क्यांना. आता विचार करा, त्या सगळ्यांनी अहवाल पाहून खाणं सोडलं असतं तर काय झालं असतं. तपासणी संशयित पदार्थाचीच करायची. जाळं टाकून मासा शोधायचा नाही.

पूर्वा_के

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलीला टोमॅटो आणि संत्र्याने हनुवटीवर लाल होतं, अर्ध्या तासात जातं. बाकी काही नाही. बंद करू?

देशावरचा_डॉक्टर

जिथे रस लागला तिथेच लाल होत असेल, फुगवटा-उलटी नसेल आणि पुसल्यावर जात असेल, तर ते बहुधा आंबट रसाने नाजूक कातडी चुरचुरणं. खाण्याआधी तोंडाभोवती थोडं व्हॅसलीन लावा आणि देत राहा. पुढच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

मृण्मयी_मेलबर्न

मी मेलबर्नला राहते. इथे बाळांच्या खाद्य-अ‍ॅलर्जीचं प्रमाण जगात खूप वरचं आहे. इथल्याच २०११ च्या अभ्यासात एक वर्षाच्या बाळांपैकी दहा टक्क्यांहून जास्त मुलांना, प्रत्यक्ष खायला घालून पाहिल्यावर, अ‍ॅलर्जी निघाली होती. त्यामुळे इथल्या परिचारिका पहिल्या भेटीतच विचारतात, 'शेंगदाणा सुरू केला का? अंडं सुरू केलं का?' एक वर्षाच्या आत दोन्ही द्या, असा इथला सल्ला आहे.

मला तो उलटा वाटला होता. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी, तिच्या मुलाचा जन्म अमेरिकेतला २००३ चा, तिथे सांगत होते की अ‍ॅलर्जीची शक्यता असेल तर शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत नको. तो सल्ला २००८ मध्ये मागे घेतला गेला. त्याच सुमारास लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाला दिसलं होतं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे. इस्रायलमधली बाळं दात यायच्या आधीपासून बांबा नावाची शेंगदाण्याची कुरमुऱ्यासारखी कांडी चघळतात, ब्रिटनमधली टाळत होती. मग त्यांनी ६४० बाळं घेतली, वय ४ ते ११ महिने, सगळी तीव्र एक्झिमावाली (म्हणजे अंगावर कोरडे, लाल, खाजणारे चट्टे असलेली) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा, अर्ध्यांना पाच वर्षांच्या वयापर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के.

हे वाचल्यावर मला माझी आजी आठवली. तिच्या सोलापूरच्या घरात भाजीत कूट, आमटीत कूट, भातावर शेंगदाण्याची चटणी. आम्ही रांगायच्या वयात ते सगळं चाटलेलं आहे.

अनघा_ठाणे

पण मृण्मयी, आख्खा दाणा कुणी देऊ नका, हे ठळक लिहायला हवं. पाच वर्षांपर्यंत आख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट अगदी बारीक, पाण्यात किंवा वरणात पातळ करून. आणि मध एक वर्षापर्यंत नाही. ते अ‍ॅलर्जीमुळे नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे.

देशावरचा_डॉक्टर

दोघींचंही बरोबर. फक्त एक जोडतो. ज्या बाळाला तीव्र एक्झिमा आहे किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली आहे, त्याला शेंगदाणा द्यायच्या आधी तपासणीचा विचार करावा, असं २०१७ ची अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रेवा त्यात बसू शकते. तेव्हा शेंगदाण्यासाठी तीन आठवडे थांबा. तीन वर्षं नको.

आणि एक्झिमाकडे दुर्लक्ष करू नका. आज असं मानलं जातं की फाटलेल्या कातडीतून अन्नाचे कण शरीरात शिरले तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं, आणि तोंडातून वेळेवर गेले तर मित्र समजतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे बरीच वर्षं चपाती-पाव सुखाने खाणाऱ्या माणसांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली होती. तो साबण २०११ मध्ये परत मागवावा लागला. म्हणून विचारतो, रेवाला अंघोळीला काय लावता?

रेवाची_आई

हरभरा डाळीचं पीठ आणि साय. बदामाच्या तेलाने मालिश. वेंगुर्ल्याला असतो तेव्हा शेजारच्या खोलीत काजू सोलायचं काम चालू असतं, घरभर त्याची पूड असते.

देशावरचा_डॉक्टर

पीठ, साय, बदामतेल आजपासून बंद. साधं कोमट पाणी, लगेच वासाशिवायचं जाड क्रीम, दिवसातून दोन-तीनदा. चट्ट्यांसाठी डॉक्टर मलम लिहून देतील, 'स्टेरॉइड आहे' म्हणून घाबरून अर्ध्यावर सोडू नका. रेवाला तिथूनच झालं असं मी म्हणत नाही. पण चट्टे असलेल्या कातडीवर खायच्या वस्तू चोळू नयेत, हे पक्कं.

इंदुमती_काकू

डाळीचं पीठ मी सगळ्यांना लावलं. पण माझ्या बाळांच्या अंगाला चट्टे नव्हते, हेही खरं. डॉक्टर, शेळीच्या दुधाचं मला ठाऊक नव्हतं. सुनेला सांगितलं. तिच्या बहिणीच्या बाळाला शीतून रक्त जातंय, त्यांनी शेळीचंच सुरू केलं होतं.

देशावरचा_डॉक्टर

काकू, त्या बाळाला लवकर दाखवायला सांगा. लहान बाळ छान खेळतंय, वजन वाढतंय आणि शीत रक्ताच्या रेषा दिसतात, याचं एक नेहमीचं कारण आईच्या आहारातल्या दुधाची प्रथिनं हे असतं. आईने काही आठवडे दूध काटेकोर बंद केलं की थांबतं, आणि बहुतेकांचं वर्षाच्या आसपास पूर्ण बरं होतं. पण आधी डॉक्टरांनी बाळ बघायला हवं, कारण रक्ताची दुसरी कारणंही असतात. आणि आईने दूध बंद केलं तर तिच्या कॅल्शियमचं काय, ते विचारायला विसरू नका. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, तरी बहुतेकींना गोळी लागतेच.

स्वरा_नाशिक

मला एक सांगायचं राहिलं. अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे मी नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलत होते. गरज नव्हती. अंड्याची अ‍ॅलर्जी हे ती लस टाळायचं कारण नाही.

आणि आता तो केक खातो. खूप वेळ भाजलेल्या अंड्यातली प्रथिनं बदलतात, अंड्याच्या अ‍ॅलर्जीवाल्या बऱ्याच मुलांना ती चालतात. पण हे आम्ही डॉक्टरांसमोर करून पाहिलं, घरी नाही.

रेवाची_आई

(तीन आठवड्यांनंतर)

आज तज्ज्ञांकडे जाऊन आलो. खाज थांबवायचं औषध आठवडाभर आधीपासून बंद ठेवायला सांगितलं होतं, नाहीतर त्वचेच्या चाचणीत काही दिसतच नाही. तिच्या पाठीवर पेनाने खुणा करून थेंब टाकले आणि बारीक टोचलं. रडली ती मला घट्ट धरून ठेवल्यामुळे, टोचण्याने नाही. पंधरा मिनिटं.

दूध, काही नाही. बदाम, काही नाही. शेंगदाणा, काही नाही. अंडं, अगदी बारीक लाल ठिपका, त्याला ते धरत नाहीत. काजूच्या जागी चण्याएवढा फुगवटा. पिस्त्याच्याही.

मी वहीत खिरीचे सगळे जिन्नस लिहून नेले होते. डॉक्टर म्हणाल्या, अशी आई आली की अर्धं काम होतं. तो मान मी इथल्या सगळ्यांना देते. त्यांनी तिथेच बसवून दोन चमचे दही खायला घातलं आणि दोन तास थांबवलं. घरी येताना आम्ही दोघं गाडीत काही बोललोच नाही. महिनाभर मी ज्याला शत्रू समजत होते ते दूध नव्हतंच.

सासऱ्यांना फोन केला. ती झाडं त्यांनी स्वतः लावलेली, वेंगुर्ला चार जातीची. नातीसाठी निवडून काजू काढले होते. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'काजू सोलायची खोली मी मागे शेतघरात हलवतो, तू तिला घेऊन ये.'

आता प्रश्न असे. आंबा बंद करायचा का? काजू आणि आंबा एकाच कुळातले, असं दीर म्हणाला. वर्षाची होईल तेव्हा ऐन हंगाम असेल. आणि काजूचा चीक अंगावर उततो, ते म्हणजेच अ‍ॅलर्जी का?

देशावरचा_डॉक्टर

दूध सुटलं, फार बरं वाटलं वाचून.

दिरांचं बरोबर आहे, काजू, पिस्ता, आंबा एकाच कुळातले. त्यांतले काजू-पिस्ता एकमेकांशी घट्ट बांधलेले. एकाची अ‍ॅलर्जी असली की दुसरा बहुधा बाधतो, म्हणून दोन्ही पूर्ण बंद. आंब्याचा गर मात्र बहुतेक काजू-अ‍ॅलर्जीवाल्या मुलांना चालतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून, साल काढून, देठाचा चीक धुऊन, इतर नव्या पदार्थांसारखाच चमच्याच्या टोकापासून सुरू करा. आपणहून आंबा बंद करू नका.

टरफलातल्या तेलाने, चिकाने कातडी भाजते, उतते. ते बागेत काम करणाऱ्या कुणालाही होऊ शकतं. रेवाची अ‍ॅलर्जी काजूगरातल्या प्रथिनांशी आहे. म्हणजे तुमच्याकडची ओल्या काजूगरांची उसळही नाही, आणि त्या उसळीतला रस्साही नाही.

मृण्मयी_मेलबर्न

भारतात पाकिटांवर २०२० च्या नियमांनुसार सुकामेवा, शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, गहू वगैरे असल्याचं छापावं लागतं, ते वाचायची सवय लाव. खरा धोका पाकीट नसलेल्या गोष्टींत आहे. हॉटेलातली पांढरी ग्रेव्ही, पनीरची भाजी, मिठाईच्या दुकानातल्या एकाच सुरीने कापलेल्या वड्या, बासुंदी, प्रसादाचा शिरा, मोदकातलं सारण. लग्नात कुणीतरी लाडाने बाळाच्या तोंडात काहीतरी घालतंच. माझ्या मैत्रिणीने मुलाच्या झबल्यावर मराठीत भरतकाम करून घेतलं होतं, 'मला खाऊ देण्याआधी आईला विचारा'. कुणाला राग आला नाही.

ओमचा_बाबा

भरतकामाची कल्पना फार आवडली. शेंगदाणा सुरू केला का?

रेवाची_आई

आज सकाळी नऊ वाजता. दाणे भाजून, सालं काढून, कूट दोनदा चाळून, मऊ वरणभातात पाव चमचा. हे रजा घेऊन घरी थांबले होते. टोकावर चाटवलं, दहा मिनिटं घड्याळ बघितलं, मग उरलेलं. ओठ चाटून अजून मागत होती. अकरा वाजता झोपली. चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय की एकदा चाललं म्हणून सोडून द्यायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं. बुधवारी परत. शुक्रवारी उकडलेल्या अंड्याचं पिवळं-पांढरं दोन्ही, पूर्ण शिजलेलं.

तुपाची वाटी आज महिन्याभराने ओट्यावर आली. भातावर तिच्यासाठी एक थेंब आणि माझ्यासाठी दोन चमचे घातलं.

काकू, मेतकुटात काय काय असतं, ते सांगाल का? एकेक डाळ सुटी देऊन झाली की मगच करीन म्हणते.

इंदुमती_काकू

तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, थोडी मूगडाळ, मोहरी, मेथी, जिरं, धने, हळद, सुंठ, हिंग. मिरची अगदी नावाला, बाळासाठी नकोच. गहू आणि हरभरा आधी सुटे देऊन बघ, मोहरीसुद्धा. सगळं चाललं की कळव, मी माझ्याकडचं ताजं कुटून पाठवते. त्यात काजू नाही, खलबत्ता घासून घेईन.